वाफवलेली माती

शेजारी म्हणत, की संस्थेने या बाईला नोकरी दिलीच नव्हती; तिच्या नाकाला दिली होती, आणि बाई नाकाबरोबर फुकटात आली. जिन्यात कुणाचे दूध करपू लागले, की करपणाऱ्या घराच्या आधी तिला कळे आणि खालून हाक येई, "तिसरा मजला, गॅस बंद करा!" कुणाच्या कपाटामागे उंदीर मेला, कुणाच्या भिंतीत पाणी मुरले, कुणाचे चिरंजीव गच्चीवर सिगारेट ओढून खिडकीतून परतले, सगळ्याचा पत्ता त्या नाकाला. समोर राहणाऱ्या शिक्षिकाबाई तर म्हणायच्या, "हिच्यासमोर खोटं बोलायची सोय नाही हो. त्यालाही वास येत असणार."

बाई हे ऐकून हसत. आपल्याबद्दल एवढे चांगले बोलले जात असताना मध्ये पडू नये, हे त्यांना समजत होते.

संस्थेत सगळे त्यांना मावशी म्हणत. संस्था वनस्पतींवर संशोधन करणारी, शहराच्या कडेला, लांबरुंद आवाराची. आवाराच्या मागच्या अंगाला रोपवाटिका होती. हिरव्या जाळीचे छत, गुडघाभर उंचीचे ओटे, ओट्यांवर काळ्या पिशव्यांच्या रांगा, आणि कोपऱ्यात विटांच्या चुलीवर चढवलेला एक मोठा पत्र्याचा ड्रम. तळाशी पाणी, मध्ये जाळी, जाळीवर चाळलेली माती. झाकण लावून दोन तास वाफ द्यायची, थंड करायची, मगच ती पिशवीत भरायची. या ड्रमाला मावशींचे देऊळच म्हणायला हवे. त्या बाविसाव्या वर्षी पिशव्या भरायच्या कामावर लागल्या, तेव्हा वाटिकेत दरवर्षी निम्मी रोपे जमिनीलगत माना टाकून मरत. संशोधकांनी पाणी तपासले, बियाणे तपासले. मावशींनी मूठभर माती नाकाशी धरली आणि म्हणाल्या, "ही आतून कुजलीय. भाजून घ्या हिला." भाजण्याऐवजी वाफवली, आणि त्या वर्षी रोपे तगली. तत्कालीन संचालकांनी शाबासकीचे पत्र दिले. ते चौकटीत बसून मावशींच्या घरी, त्यांच्या घड्याळे दुरुस्त करणाऱ्या नवऱ्याच्या टेबलावर, चालू आणि बंद घड्याळांच्या मध्ये टांगले गेले. वाटिकेत पाटी लागली. तिच्यावर कार्यपद्धतीची सात कलमे होती, पहिले कलम मातीच्या वाफेचे. नव्याने येणाऱ्याला ते पाठ म्हणून दाखवावे लागे.

हे सारे खरे होते आणि योग्यही होते. पुढे जे झाले ते याच खरेपणातून झाले, म्हणून ते इतकी वर्षे कुणाच्या लक्षात आले नाही.

आवाराच्या मधोमध एक जुने झाड होते. उष्ण, ओल्या जंगलातली जात; कधीकाळी कुणीतरी दुरून आणून लावलेली. कागदोपत्री त्याला लांबलचक नाव होते, पण खोडातून राळ पाझरत असल्यामुळे सगळे त्याला राळेचे झाड म्हणत. सात मजली इमारतीच्या गच्चीवरून पाहिले तरी त्याचा शेंडा मान वर करूनच पाहावा लागे. आसपास शेकडो कोसांत त्या जातीचे दुसरे झाड नव्हते. ते दहा-बारा वर्षांतून एकदा फुलायचे, दोन पंखांची बिये भिरभिरत खाली सोडायचे, आणि ती बिये पंधरा दिवसांत मातीत गेली नाहीत तर फुकट जायची.

बारा वर्षांपूर्वी ते असेच फुलले होते. मावशींनी दोनशे दहा रोपे केली. मुळे लाल औषधाच्या पाण्यात बुडवून, वाफवलेल्या मातीत. पाच-सहा महिने रोपे छान वाढली आणि मग एकाएकी पिवळी पडू लागली. खत दिले, सावली वाढवली, पाणी तोडले, पाणी वाढवले. पिवळेपणा काही हटेना.

तेव्हा वाटिकेत पाणी घालण्याचे काम मावशींचा धाकटा दीर करीत असे. मावशींनीच शब्द टाकून त्याला लावले होते. उंच, किडकिडीत, तोंडाने फटकळ. एकदा दुपारच्या सुट्टीत, सगळे डबे उघडून बसले असताना, तो म्हणाला, "वहिनी, त्या झाडाखाली जाऊन बघा जरा. आपोआप उगवलेली रोपं कशी हिरवीगार आहेत. त्यांना कुणी माती वाफवून दिली होती?"

माळी हसले, कारकून हसला, ज्यांना सात कलमे पाठ करावी लागली होती ते सगळेच जरा जास्त हसले. मावशीही हसल्या. मग डब्याचे झाकण लावून उठल्या.

चार दिवसांनी त्यांच्या नाकाला वाटिकेत एक अनोळखी वास लागला. ओल्या लोकरीसारखा, त्यात पिकून उतरलेल्या फळाची गोडी, आणि शेवटी रॉकेलची झाक. वासाचा माग काढत त्या कोपऱ्यातल्या सहा पिशव्यांपाशी पोहोचल्या. दिराने कुणाला न विचारता झाडाखालची टोपलीभर माती आणून त्या सहांत मिसळली होती. मातीत सुपारीएवढ्या तपकिरी गाठी होत्या. नखाने फोडल्या, तर आत पांढऱ्या रेघांची जाळी. मावशी तडक संचालकांकडे गेल्या. रोगट माती वाटिकेत आणली, सगळी रोपे त्यामुळेच मरताहेत, असे त्यांनी सांगितले. ज्या नाकाने एकदा वाटिका वाचवली होती, त्याच्यावर अविश्वास कोण दाखवणार? दिराला त्याच दिवशी काढले. जाताना त्याने रागाने त्या सहांतल्या तीन पिशव्या उचलून नेल्या, तर चोरीचा शेरा त्याच्या कागदावर पडला. त्यालाही साक्ष मावशींचीच. उरलेल्या तीन त्यांनी जाळल्या.

बाकीची दोनशे चारही रोपे वर्ष पुरे व्हायच्या आत गेली. दोष दिराच्या मातीचा ठरला. त्या घटनेनंतर दोन भावांत बोलणे राहिले नाही. घड्याळे दुरुस्त करणारा मनुष्य मुळात कमी बोलणारा, तो एवढेच म्हणाला, "तुझं नाक, माझा भाऊ. मी कुणाच्या बाजूनं बोलू?" आणि भिंग डोळ्याला लावून कामाला लागला. मावशींच्या सूचनेवरून राळेच्या झाडाभोवती दरवर्षी बुरशीनाशक ओतले जाऊ लागले, आणि पावसाळ्यानंतर त्या स्वतः खुरपे घेऊन जमीन हुंगत फिरत, गाठी उकरून काढत आणि जाळत. पुढे पुढे गाठी सापडेनाशा झाल्या. चार वर्षांपूर्वी झाडाच्या बुंध्यापर्यंत फरशी घालून गाड्या लावायची सोय करण्यात आली.

यंदा झाड पुन्हा फुलले, ऋतू सोडून आणि भरभरून. जाणते म्हणाले, मरणारे झाड असे फळते. तसेच झाले. बिये पडली आणि दोन महिन्यांत पानगळ झाली ती कायमची. आतून पोकळ झालेले खोड वादळात कुणाच्या अंगावर पडू नये म्हणून ते तोडावे लागले. मावशींच्या हाती उरली नव्वद रोपे. निवृत्तीला त्यांना चार महिने होते, आणि जाण्याआधी यांतले एक तरी झाडाच्या जागी लावून जायचे, एवढी एकच इच्छा त्यांनी बोलून दाखवली होती. आठव्या महिन्यात नव्वदांची त्रेसष्ट झाली होती, आणि त्रेसष्टही पिवळी.

याच सुमाराला संस्थेतली एक संशोधक मुलगी कागदांचा भारा घेऊन वाटिकेत आली. मावशी तिला डॉक्टर म्हणत.

"अजून झाले नाही हो, मावशी."

"होशील. मला वास येतोय."

मुलीला पाहुण्यांसाठी एक मोठा फलक करायचा होता. डावीकडे गेलेले राळेचे झाड, उजवीकडे ट्रफल, आणि दोघांची तुलना. सर्वांत उंच जीव आणि सर्वांत लपलेला जीव, अशी संचालकांची कल्पना.

"ट्रफल म्हणजे?" मावशींनी विचारले.

"बुरशीच, पण छत्री काढत नाही. जमिनीखाली बटाट्यासारखी गाठ धरते. तिच्या काही जाती सोन्याच्या भावानं विकतात. आपल्या झाडाखालीही तिच्या नात्यातली एक सापडायची, जुन्या नोंदींत आहे. तिला मात्र बाजारात कुणी विचारत नाही."

"म्हणजे श्रीमंतांच्या घरातली गरीब मावशी."

"तुमच्यासारखी!"

दोघी हसल्या. मुलगी ओट्याच्या कडेला बसून रकाने वाचून दाखवू लागली. उंची: झाड शंभर हातांवर, ट्रफल वीतभर जमिनीखाली. प्रसार: झाडाचे बी वाऱ्यावर, ट्रफलचे बीजाणू जनावरांच्या पोटातून, वासाने जनावर येते, उकरते, खाते आणि दूरवर टाकते. वास: झाडाला राळेचा, आणि ट्रफलला...

"थांबा, जुन्या नोंदीत छान लिहिलंय कुणीतरी. 'ओल्या लोकरीसारखा, किंचित पिकल्या फळाचा, शेवटी...'"

"रॉकेलचा," मावशी म्हणाल्या.

मुलीने वर पाहिले.

"सुपारीएवढी. तपकिरी. फोडली की आत पांढऱ्या रेघा."

"तुम्ही पाहिलीय?"

"पाहिलीय. वर्षानुवर्षं वेचून जाळलीय."

मुलगी हसण्याच्या बेतात होती. मावशींचा चेहरा पाहून तिने ते आवरले. "पुढं वाच," मावशी म्हणाल्या. पुढचा रकाना अन्नाचा होता. मुलगी म्हणाली, इथेच तर फलक अडलाय. झाड उजेडावर साखर करते, असे डावीकडे लिहिता येते. ट्रफलला स्वतःचे अन्न करता येत नाही. ती झाडाच्या मुळांना धाग्यांनी वेढून साखर घेते, असे उजवीकडे लिहिता येते.

"बांडगुळच की मग."

"नाही ना! घेते तशी देतेही. झाडाचं मूळ जिथं पोहोचत नाही, तिथून तिचे धागे पाणी आणतात, मातीतलं खनिज आणतात. मोठं झाड तिच्यावाचून हळूहळू खंगत जातं. पण या जातीच्या रोपाचं तर पानही हलत नाही. बियातली शिदोरी संपेपर्यंत रोप वाढतं, पाच-सहा महिने. मग ते पिवळं पडायला लागतं. उपाशी मरतं हो. म्हणून मी म्हणत होते, यांना दोन रकान्यांत घालताच येत नाही..."

ती आणखी बरेच बोलली. मावशींनी त्यातले काही ऐकले नाही. त्या ओट्यापाशी गेल्या, एक पिशवी ब्लेडने चिरली आणि रोप मातीसकट बाहेर काढून पाण्याच्या बादलीत हलकेच हलवले. मुळे वर आली. धुतलेल्या दोऱ्यासारखी, एकही धागा, एकही डाग नसलेली. अशा मुळांचा त्यांना आयुष्यभर अभिमान होता. नव्या माणसाला त्या असे मूळ दाखवून म्हणत, "हे बघ. ताटात वाढता येईल." आता त्यांनी ते नाकाशी नेले. कसलाच वास आला नाही. इतक्या वर्षांत, ज्याला वासच नाही अशा गोष्टीची त्यांना पहिल्यांदा भीती वाटली.

"काय हवं यांना?" त्यांनी विचारले.

"याच जातीच्या जिवंत झाडाखालची माती. मूठमूठ पुरे. पण मिळणार कुठून? आपल्या झाडाखालची मी तपासली. फरशीखाली काही उरलं नाहीये. जंगलात जायचं तर परवानगीलाच वर्ष जाईल."

"आणि यांच्यापाशी किती दिवस आहेत?"

"दीड-दोन महिने," मुलगी म्हणाली, आणि मावशींच्या हातातले रोप काढून घेऊन तिने ते पुन्हा पिशवीत लावले.

दिराने उचलून नेलेल्या तीन पिशव्या मावशींच्या डोळ्यांसमोर होत्या. त्यांनी कुणाला काही सांगितले नाही. आणखी तीन दिवस त्यांनी नेहमीप्रमाणे पाणी घातले, नेहमीप्रमाणे ड्रम पेटवला, इतर रोपांसाठी. त्या तीन दिवसांत चार रोपे गेली. चौथ्या दिवशी सकाळी चहा ठेवताना त्या नवऱ्याला म्हणाल्या, "भाऊजी अजून तिथंच राहतात का?"

बारा वर्षांत हा शब्द घरात उच्चारला गेला नव्हता. नवऱ्याने भिंग काढून ठेवले, कागदाच्या कपट्यावर पत्ता लिहिला, म्हणजे तो त्याला ठाऊक होता, आणि म्हणाला, "बसनं जा. टॅक्सी नको."

"का?"

"टॅक्सी वाटेतून वळवता येते. बस वळत नाही."

वस्ती शहराच्या दुसऱ्या टोकाला, एकमजली घरांची. दीर आता भिंतींना रंग देण्याचे काम करीत असे. दाराशी रंगाचे रिकामे डबे आणि एक शिडी आडवी होती. मावशी कोपऱ्यावर उतरल्या आणि घर शोधावे लागलेच नाही. छपरापलीकडे एक झाड होते, सरळ, दोन घरांइतके उंच, पाने चकचकीत हिरवी. फाटकाला हात लावण्याआधीच वास आला. ओली लोकर, पिकले फळ, शेवटी रॉकेल. त्या फाटकाला धरून बराच वेळ उभ्या राहिल्या.

दार जावेने उघडले. ओळखायला तिला क्षणही लागला नाही, पण बोलायला लागला. "या," ती म्हणाली, आणि आत वळून, "अहो, वहिनी आल्यात," एवढे अशा आवाजात म्हणाली, की जणू वीज गेल्याचे सांगावे.

दीर हाताला लागलेला रंग चिंधीने पुसत बाहेर आला. केस पांढरे झाले होते. किडकिडीतपणा तसाच होता. "दादा बरा आहे?"

"बरे आहेत."

"मग?"

मावशींनी घोटभर पाणी घेतले आणि ज्यासाठी आल्या ते सांगितले. गेलेले झाड, एकोणसाठ उरलेली रोपे, ट्रफल, मूठमूठ माती. सांगण्यात त्यांनी कुठे स्वतःला वाचवले नाही, असे त्यांना वाटले. "तुमचंच बरोबर होतं, भाऊजी. रोग नव्हता. मला ठाऊक नव्हतं."

"मलाही नव्हतं," दीर म्हणाला. "मी आपलं डोळ्यांनी बघितलं. तीन आणली होती, त्यातली दोन हिच्या बकऱ्यांनी खाल्ली. हे एक राहिलं." मग चिंधी डब्यावर टाकत, "चोरीचा माल आहे हो. संस्थेला चालेल ना?"

"अहो!" जाऊ म्हणाली.

"विचारू दे. बारा वर्षं दुसऱ्या कुठल्या बागेत कुणी उभं केलं नाही मला. कागद बघायचे आणि म्हणायचे, कळवतो."

मावशींनी पाण्याचा पेला खाली ठेवला. त्यांना माती मिळाली, हे इथेच सांगून टाकलेले बरे. पाच गोण्या मिळाल्या, आणि त्या एकोणसाठांतली एकतीस रोपे मावशींच्या निवृत्तीच्या दिवशी हिरवी होती, त्यांतले एक फरशी उखडून जुन्या झाडाच्या जागी लागलेही. उरलेली अठ्ठावीस मात्र गेली. फलक अखेर झालाच नाही. मुलीने हट्टाने दोन रकान्यांमधली रेघ पुसली आणि संचालकांना ते पसंत पडले नाही. दिराच्या कागदावरचा शेरा खोडावा म्हणून मावशींनी तीन अर्ज केले. पहिल्या दोनांना उत्तर आले नाही, तिसऱ्याला आले, की इतक्या जुन्या नोंदी बदलण्याची तरतूद नाही.

पण त्या सकाळी यातले सगळेच अजून व्हायचे होते. दीर परसात गेला, कोपऱ्यातले फावडे उचलले आणि झाडाच्या बुंध्यापाशी रोवून, त्याच्या दांड्यावर हात ठेवून उभा राहिला. मावशी रिकाम्या गोण्या घेऊन मागोमाग गेल्या. पायाखाली माती भुसभुशीत होती. इतका तो वास, की जाऊही नाकाला पदर लावून दारातच थांबली.

"माती घ्या," दीर म्हणाला. "हवी तेवढी घ्या. मी रोपांना नाही म्हणणार नाही, त्यांनी माझं काही बिघडवलेलं नाही. पण घ्यायच्या आधी एक सांगा. मला ठाऊक नव्हतं म्हणालात, ते ऐकलं मी. पण त्या दिवशी साहेबांकडे गेलात ना, तेव्हा तुम्हाला खरंच वाटलं होतं का, हा वास रोगाचा आहे म्हणून?"

हो म्हणणे सोपे होते. हो म्हटले असते तर त्याने मानलेही असते. सगळ्या जगाने मानले होते, आणि मावशींनी स्वतः इतक्या वेळा मानले होते, की कोणते आधी आणि कोणते नंतर हे आता त्यांनाही उकरून काढावे लागले. त्यांना डबे आठवले, माळी आठवला, जास्त मोठ्याने हसलेला कारकून आठवला. त्यांनी गोण्या खाली ठेवल्या.

"नाही. चारचौघांत माझं हसं केलंत म्हणून गेले. रोगाचं मला वाटेत सुचलं."